बेकार दाखवा, बक्षीस मिळवा

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत एकही तरुण बेकार नाही, हे आम्ही पूर्ण जबाबदारीनं लिहीत आहोत. खोटं वाटत असेल तर कऱ्हाडच्या स्टँडवर किंवा तासगावात कुठल्याही चहाच्या गाड्यावर उभं राहून विचारा, "काय करतोस रं?" उत्तर ठरलेलं : "तयारी."

तयारीत पोलीस भरती येते, तलाठी येतो, एमपीएससी येते आणि मधल्या वेळात भावी आमदारांच्या वाढदिवसाचा फ्लेक्सही बांधून होतो. 2024 च्या पोलीस भरतीत राज्यात 17,471 जागा होत्या आणि अर्ज आले साडेसतरा लाखांवर. जागेमागं शंभर जण. एक पोलीस झाला, मग उरलेले नव्याण्णव बेकार? छे! त्यातल्या एकानं अकॅडमी काढली, दुसऱ्यानं अभ्यासिका, तिसऱ्यानं मेस. बाकीचे शहाण्णव त्यांची गिऱ्हाइकं. एवढी रोजगारनिर्मिती कुठल्या एमआयडीसीनं केली आहे, सांगा!

अभ्यासिका एकदा आत जाऊन बघावी. प्लायवूडच्या खोपट्यात पोरगं बसलेलं, समोर चालू घडामोडींचं पुस्तक. तेही गेल्या वर्षीचं, कारण जाहिरात तेव्हा निघणार होती. भिंतीवर 'शांतता राखा'. त्याखाली कुणीतरी पेनानं लिहिलंय, 'आणखी किती?'

तरुण पोरं सरकारला भार आहेत म्हणणाऱ्यांनी 2023 ची तलाठी भरती आठवावी. जागा साडेचार हजारांच्या आसपास, अर्ज दहा लाखांवर, फी हजार रुपये. राखीव प्रवर्गाला सवलत म्हणून नऊशे. गुणाकार वाचकांनी करावा. सरकार पोरांना पोसतं की पोरं सरकारला, तेही त्यातच कळेल.

दिल्लीचाही आम्हाला पाठिंबा आहे. केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात आठवड्यातून एखाद्या दिवशी तासभर काम केलं, तरी त्या आठवड्याच्या हिशेबात माणूस रोजगारात धरतात. घरच्या शेतात बिनपगारी राबला तरी चालतो. म्हणजे रात्री वीज आली म्हणून बापाबरोबर उसाला पाणी पाजायला गेलेला एम.ए. पोरगा, चिखलातनं वर यायच्या आत कामाला लागलेला असतो.

तरीही कुणी राहिलाच, तर त्याच्यासाठी 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. मुख्यमंत्री तेव्हा आमच्याच दरे गावचे. बारावीला सहा हजार, आयटीआयला आठ, पदवीधराला दहा. मुदत सहा महिने. पोरं ग्रामपंचायतीत दाखल्यांवर शिक्के मारायला शिकली. सहाचे पुढं अकरा महिने झाले. त्यानंतर शिक्का आहे, पोरगं आहे, फक्त टेबल नाही. मग पोरं मोर्चे काढायला लागली. प्रशिक्षण अगदीच वाया गेलं नाही.

तिकडं कुपवाडच्या कारखानदाराचं रडगाणं वेगळंच : माणसं मिळत नाहीत. मिळतील कशी? काम कंत्राटदाराकडनं, पाळी बारा तासांची, आणि हातात पडणाऱ्या पैशातून खोलीभाडं न् पेट्रोल. ऊस तोडायला तर बीडच्या टोळ्या येतात. यावर पारावरचे मुरब्बी सुनावतात, "खानापूर-आटपाडीची माणसं सोन्या-चांदीच्या गलाईला पार देशभर गेली, पाटण-जावळीची मुंबईत माथाडी झाली. तुम्हाला काय धाड भरलीय?" खरं आहे. पण गावात पोट भरत असतं तर ती माणसं कशाला गेली असती, हे मुरब्बी सांगत नाहीत. स्वतःच्या नातवाला मात्र अकॅडमीची फी गुपचूप भरतात.

एवढे कामसू जिल्हे, तरी लग्नं तेवढी अडलीत. परवा एका बैठकीत पोराचा मामा मोठ्या हुशारीनं सांगत होता, "पावणं, पोरगं एक मिनिट रिकामं नसतं बघा. पहाटं ग्राउंड, दिवसभर अभ्यासिका, रात्री मोटर. वर सरकारी प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट हाय."

मुलीच्या बापानं पोह्यांची बशी खाली ठेवली. "ते समदं झ्याक हाय. पर पगार कोन देतंय?"