दुपारी दोनला घरी कोण असतं?

नानांना तुम्ही ओळखता. तुमच्याकडे त्यांचं नाव अण्णा असेल नाहीतर बापू, पण काळ्या पँटवर पिवळट केस, खिशात पेनाच्या जागी नखं कापायची कातरी आणि समोरच्याशी बोलताना नजर त्याच्या गुडघ्यांच्या उंचीवर, हा ऐवज तोच. आमचे नाना सासवड रस्त्याला राहतात आणि लॅब्रॅडॉरची पैदास करतात. पिल्लं विकतात असं म्हणवत नाही, कारण आलेलं गिऱ्हाईक हाकलण्यातच त्यांचा दिवस जातो.

फोन येतो. ‘‘लॅबचं पिल्लू आहे का? कितीला?’’

नाना विचारतात, ‘‘दुपारी दोनला घरी कोण असतं?’’

फोन स्पीकरवर असतो, कारण हा छळ आम्हीही ऐकावा अशी त्यांची इच्छा असते. पलीकडचा गडबडतो. दोघं नोकरीला म्हणाला तर बाद. ‘‘बाई असते’’ म्हणाला तर बाईला कुत्री आवडतात का, ही पुरवणी. ‘‘मीच असतो’’ म्हणाला तर हा माणूस नोकरी का करत नाही आणि पिल्लाला खायला काय घालणार, हा नवा संशय. एका गृहस्थानं तर थेट चौकीत जाऊन सांगितलं की घर भरदुपारी कधी रिकामं असतं याची फोनवरून कोणीतरी चौकशी करतंय. हवालदारांचा फोन आला. नानांनी खुलासा केला, हवालदार पोटभर हसले आणि म्हणाले, ‘‘बरं, आमच्या पोरालाही एक पाहिजे होतं. कितीपर्यंत बसेल?’’

‘‘साहेब,’’ नाना म्हणाले, ‘‘तुमच्या क्वार्टरमध्ये दुपारी दोनला कोण असतं?’’

लेकीला बघायला मंडळी आली तेव्हा वहिनींनी सकाळपासून बजावून ठेवलं होतं. मुलाचा पगार, फ्लॅट, गावाकडची जमीन, सगळं रीतसर झालं. पोहे संपत आले. नाना गप्प होते, पण त्यांच्या ओठांची हालचाल आम्हाला दिसत होती. शेवटी राहवलंच नाही. मुलाची आजी मात्र खमकी. ‘‘मी असते की! का हो?’’ म्हणाली. लग्न जमलं. नाना आजतागायत सांगतात की ते आजीमुळेच जमलं.

वंशावळीचं वेड वेगळंच. वडिलांच्या श्राद्धाला गुरुजींनी पणजोबांचं नाव विचारलं तर नाना भिंतीकडे बघत बसले. ठमीच्या पणजोबांचं विचारलं असतं तर चॅम्पियन अमुक ऑफ तमुक, आईकडून इम्पोर्ट लाइन, हे श्वास न घेता आलं असतं. ठमी म्हणजे त्यांची थोरली कुत्री. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या सर्टिफिकेटवर तिचं नाव एका ओळीत मावत नाही. ती ओ देते फक्त ‘ठमे’ला.

आता किमतीचं. ‘‘कागद नकोत हो आम्हाला, आम्हाला कुठं शोला न्यायचंय? कागदाचे पैसे कमी करा’’, असं म्हणणारा पुणेकर दर आठवड्याला एक तरी असतो. अशा वेळी नाना लाल कापडी बांधणीची वही काढतात. त्यात दोन्ही बाजूंच्या खुब्यांचे एक्स-रे असतात, कारण लॅबच्या खुब्याचं दुखणं आईबापांकडून उतरतं. नराच्या मालकाची फी, किंवा फीऐवजी त्यानं निवडून नेलेलं पहिलं पिल्लू. सोनोग्राफी. साधारण त्रेसष्ट दिवसांनी, हमखास मध्यरात्री, अडलेली कुत्री आणि सिझेरियन. मग जंताचं औषध, लशी, मायक्रोचिप. कागदाचा आकडा या सगळ्याखाली, सर्वांत किरकोळ. आईबाप नोंदलेले असतील तर कागद न करून वाचतं ते काय? ‘विदाउट पेपर स्वस्त’ म्हणजे मधली पानंच फाडलेली असतात, हे नानांचं म्हणणं मला पटतं. त्यांचं मला पटलेलं बहुधा हे एकच.

एक मोठी गाडी आली होती. शनिवारी मुलाचा वाढदिवस, पिल्लू तेव्हाच हवं, रिबीन बांधून. पिल्लं पाच आठवड्यांची होती. नाना म्हणाले, आठ आठवडे होईपर्यंत देत नाही; 2017 च्या केंद्राच्या नियमांतही तसंच आहे. आईनं आणि भावंडांनी चावून चावून, कितपत चावायचं हे शिकवल्याशिवाय पिल्लू घराबाहेर काढायचं नाही. गृहस्थांनी दुप्पट देऊ केले. नानांनी त्यांना लक्ष्मी रोडवरच्या खेळण्यांच्या दुकानाचा पत्ता दिला.

शनिवारी पिल्लू आलंच, दुसरीकडून, खोक्यात घालून, महिन्याभराचं. पुढच्याच आठवड्यात त्याच गृहस्थांचा फोन: पिल्लू रक्त हगतंय, डॉक्टर कोण चांगला? पार्वो. नानांनी त्यांना दोन वाजताचं काही विचारलं नाही. शिव्या घातल्या, स्कूटर काढली आणि रात्रभर दवाखान्यात सलाइनची बाटली धरून बसले, न विकलेल्या पिल्लासाठी. ते वाचलं नाही.

खोकेवाल्याचं पुढं काय झालं? काही नाही. नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्यानं राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. त्याच्याकडे नोंदणी नव्हती, फोन नंबर मात्र दोन होते. आणि आपल्या 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्यांदा क्रौर्य केल्याचा दंड आहे दहा ते पन्नास रुपये. पिल्लाच्या गळ्यातला घुंगरूही तेवढ्यात येत नाही.

नानांचा एक करारनामा असतो. त्यात ओळ आहे: सांभाळणं झालं नाही तर कुत्रा दुसऱ्या कोणाला न देता मला आणून द्यावा. लोक हसत सही करतात. गेल्या वर्षी एक कुटुंब नऊ वर्षांचा लॅब घेऊन आलं. इमारत रीडेव्हलपमेंटला गेलेली, भाड्याच्या जागेत कुत्रा चालत नव्हता. कुत्रा पिंपासारखा सुटलेला. नानांनी त्या लोकांना फाटकातच उभं करून वजनावरून अर्धा तास झापलं. ती माणसं रडत गेली. मग नानांनी स्वतःच्या पलंगाशेजारी गोधडी घातली आणि कुत्र्याला त्याच्या लहानपणीच्या नावानं हाक मारली. ते नाव मालकांनी कधीच बदललं होतं. त्यानं कान हलवले असं नाना सांगतात. माश्या बऱ्याच होत्या, असं वहिनींचं मत.

ठमी आता निवृत्त आहे. घरातली बरी खुर्ची तिच्याकडे असल्यामुळे आम्ही पाहुणे पायरीवर बसतो. या धंद्यात नानांनी काय कमावलं म्हणाल, तर ती खुर्चीसुद्धा ठमीची.

माणूस असह्य आहे. तरी पिल्लू घ्यायचंच असेल तर अशाच कोणाकडे जा, आणि गेल्यावर आधी आई दाखवा म्हणा. आई फार्मवर आहे, गावाला आहे, आत्ताच फिरायला गेलीय, असं उत्तर आलं तर पिल्लू कितीही गोड असो, हातात घेऊ नका. तसेच परत या.