आधी बीजिंग, मग मॉस्को

मॉस्कोहून मंगोलियामार्गे आगगाडीने बीजिंग गाठण्याचा संकल्प मी 2019 च्या चैत्रात, सेवानिवृत्तीची रक्कम हाती पडताच, सोडला. संकल्प सोडणे म्हणजे तो करणे, ही आपल्या धर्मशास्त्राची परिभाषा मला पुढे फार सोयीची ठरली.

ज्या देशातून केवळ पार व्हायचे त्याची वकिलात, पुढच्या देशाचा परवाना पारपत्रावर उमटलेला पाहिल्याखेरीज त्या वेळी आपला शिक्का उचलीत नसे. सबब प्रथम चीन, मग मंगोलिया, अखेरीस रशिया, असे उलट्या पावली अर्ज गुदरावे लागत आणि जेथून निघावयाचे तेथली परवानगी सर्वांत शेवटी पदरात पडे.

माझा बराचसा प्रवास ज्यावरून व्हायचा, त्या मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंतच्या 9289 किलोमीटरांच्या लोहमार्गावर पूर्वी सर्वत्र मॉस्कोचीच वेळ चाले, इतकी की व्लादिवोस्तोकला सूर्य माथ्यावर आला तरी स्थानकातले घड्याळ पहाटेचे पाच दाखवी. जुन्या प्रवासपुस्तकातील या इशाऱ्यावर विसंबून मी नव्या वेळापत्रकातील इर्कुट्स्कच्या आकड्यांत इमानाने पाच-पाच तास मिळवीत तीन आठवडे घालविले. आणि तक्ता शाईने पक्का केल्यावर कळले की 1 ऑगस्ट 2018 पासून तेथे स्थानिक वेळच छापतात. म्हणजे बैकल सरोवर पाहून मी फलाटावर हजर होणार, तो गाडी सुटल्यानंतर पाच तासांनी.

मंगोलियापर्यंत दोन रुळांतील अंतर 1520 मिलिमीटर आणि चीनमध्ये 1435; या जेमतेम चार बोटांच्या तफावतीपायी सरहद्दीवरील एरलियान येथे डबेच्या डबे, आतल्या उतारूंसकट, उचलून खालची चाके बदलतात, हा वृत्तांत मी घरात मोठ्या आवेशाने कथन केला. सौभाग्यवतींचे लक्ष मात्र आधीच्या वाक्यातल्या, प्रत्येक डब्याच्या टोकाशी असणाऱ्या कोळशाच्या बंबावर खिळले होते.

"अहो, बंब आहे म्हणता, मग आंघोळीची सोय असेलच की!"

तो बंब चहापुरता, आणि आंघोळ थेट पुढच्या मुक्कामी, हे ऐकून त्यांनी मेतकुटाची बरणी पिशवीतून काढून पुन्हा फडताळात ठेवली.

"आणि पुण्याहून निघायचं कधी? दुधवाल्याला सांगून ठेवायला हवं."

तक्त्याच्या सतरा रकान्यांत मंगोलियाकडे वळणारा उलान-उदेचा फाटा होता, एरलियानच्या चाकांना लागणारा अवकाश होता, बीजिंगच्या फलाटावर उतरण्याचे मिनिटही मुक्रर होते. पुण्याचा रकाना मी आखलाच नव्हता.