बैलाला सोंड फुटते तेव्हा

शिरूर तालुक्यात बऱ्याच गावांचा पोळा श्रावणात नसतो, भाद्रपदी अमावास्येला असतो. त्यामुळे रांजणगावच्या पोरांचे हात आधी गणपतीच्या मातीत बुडतात आणि महिना उलटायच्या आत बैलाच्या. हात तेच, सवयही तीच. पहिल्या बैलाला सोंड फुटते ती अशी.

गणपतीच्या बाबतीत तर इथल्या पोरांना बोलायची सोयच नाही. महागणपतीची मूळ मूर्ती तळघरात आहे, तिला दहा सोंडा आणि वीस हात आहेत, असं गावात सगळे सांगतात. पाहिली कुणीच नाही. तेव्हा एखाद्या चिमुरडीनं चार सोंडा लावून "जास्त झाल्या का?" म्हणून विचारलं, तर "अजून सहा राहिल्या की गं" याखेरीज काय सांगणार?

शाडू विकतची, म्हणून ती जपून वापरायची. बैलाला मात्र रानातली काळी. ही काळी फुकट मिळते, पण स्वभावानं भारी तऱ्हेवाईक. ओली असताना सांगाल तसं ऐकते. पाणी पिऊन फुगलेली असते, वाळताना आक्रसते, भेगाळते, आणि रात्री चार पायांवर उभा केलेला बैल सकाळी तिनावर सापडतो. कुंभार मातीत लीद अन् राख का कालवतो, हे तेव्हा समजावून सांगता येतं. लीद म्हटल्यावर निम्मी पोरं पळतात. उरलेली निम्मी खास तिच्यासाठीच थांबतात.

सजावट सगळी बांधावरची. शिंगांना बाभळीचे काटे, डोळ्यांना ज्वारीचे दाणे, शेपटीला मक्याच्या कणसाचे केस. पाठीवर चिंचेचं पान दाबून उचललं की नक्षीची झूल तयार. एमआयडीसीतल्या नोकरीपायी नागपूरकडून आलेल्या घरातला पोरगा बैलाला चाकं लावतो, कारण त्याच्याकडच्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल चाकांवरच चालतात. ते बघून शेजारचा हेडलाइट बसवतो. गाव कारखान्यांचं आहे, चालायचंच.

घोटाळा करतात ती मोठी माणसं. "दे इकडं, तोंड वाकडं झालंय" म्हणत बाबा पुढं सरसावतात. बैल सुबक होतो, पोरगं केव्हाच उठून गेलेलं असतं, आणि बाबा एकटेच वशिंडावरून ओलं बोट फिरवत बसतात.

याच तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात तिथं उत्खनन केलं. एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी निघाली. आत देवीची मूर्ती, वर डोकं नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि सोबत बैल. या दुसरीच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीलाही भोक. मधे काडी घातली की ती बैलावर बसते. आमची पोरंही बैलावर गडी बसवतात ते काडी खुपसूनच, आणि त्यांना इनामगावचं कुणी शिकवलेलं नाही. ते सगळं काम तीन हजार वर्षांपूर्वीचं, तेही न भाजलेल्या कच्च्या मातीचं. "दे इकडं" म्हणून तिला डोकं लावून द्यायला कुणी धावलेलं दिसत नाही.

तेव्हा यंदा पोळ्याआधी ओट्यावर घमेलंभर काळी माती आणि तांब्याभर पाणी ठेवा. पोराच्या बैलाला हात लावायची फारच खाज सुटली, तर स्वतःचा वेगळा करा.