सुकेळ्याचं गोत्र

उत्क्रांती समजून घ्यायला डार्विनला १८३५ साली गॅलापागोस बेटांवर जावं लागलं. विरारजवळच्या आगाशीच्या वाड्यांत आला असता तर बरंच काम इथेच उरकलं असतं. तिथे त्याला कासवं खावी लागली (खरंच खाल्ली त्याने), इथे सुकेळी मिळाली असती.

सुकेळं म्हणजे पिकलेलं राजेळी केळं सोलून उन्हात वाळवलेलं. रंग काळपट-तांबूस, रूप यथातथा. ताटात ठेवलं तर नवखा पाहुणा आधी यजमानाकडे बघतो, मग सुकेळ्याकडे, आणि एक घास घेतल्यावर डब्यात अजून किती आहेत ते बघतो.

या राजेळीचं घराणं मोठं गुंतागुंतीचं. केळ्याचे रानटी पूर्वज दोन, म्युझा अक्युमिनाटा आणि म्युझा बाल्बिसियाना. दोघांच्याही फळांत गर कमी आणि दात पाडतील अशा बियाच जास्त. राजेळीच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात: दोन पहिल्याचे, एक दुसऱ्याचा. बी धरायचं तर या संचांची आधी निम्मी-निम्मी वाटणी व्हावी लागते. आता तीन भावांची वाडी दोन घरांत सारखी वाटायला बसलं की काय होतं, हे आगाशीत कुणाला समजावून सांगायला नको. वाटणी होत नाही, बी धरत नाही. पण परागकणांची वाट न पाहता फळ धरायची खोड पूर्वजांपैकी काहींना आधीच लागली होती, त्यामुळे केळं मात्र येतं.

मग वंश चालतो कसा? मुनव्यांवर. घड उतरला की केळ संपते, तिच्या बुंध्याशी फुटलेला मुनवा वाडीवाला खणून दुसरीकडे लावतो. म्हणजे आजची राजेळी ही जुन्या राजेळीची लेक नव्हे, नातही नव्हे; तीच ती आजी, फक्त जागा बदललेली. प्रेम, लग्न, पोरंबाळं या सगळ्या भानगडी तिने माणसाच्या अंगावर टाकल्या आणि बदल्यात त्याला गोडी दिली. न्यू गिनीत माणूस निदान सात हजार वर्षांपूर्वी केळी लावत होता, तेव्हा हा करार जुना आहे. फसलं कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बावखलातून पाणी काढून वाडी शिंपायला आपण जातो. केळ जागेवर उभी असते.

करारात एक बारीक अट आहे. सगळ्या आज्या एकसारख्या, म्हणून एकीला जो रोग मारेल तो सगळ्यांना मारेल. ‘ग्रो मिशेल’ नावाचं केळं एकेकाळी जगभर बोटींनी जायचं. मातीतल्या एका बुरशीने १९६० पर्यंत त्याचा व्यापार जवळजवळ मोडला. त्याच्या जागी कॅव्हेंडिश आलं, आणि आता त्याच बुरशीचा नवा प्रकार कॅव्हेंडिशच्या मुळाशी लागलाय. यावर उतारा जैवविविधतेचा. पुस्तकात जैवविविधता म्हटलं की वाघाचं चित्र असतं. वाडीत ती राजेळी, मुठेळी, वेलची, तांबडी, बनकेळ अशी एका बांधावर उभी असते. घरातल्या म्हातारीला भाजीला एक हवं, नैवेद्याला दुसरं, नातवाला तिसरं, एवढ्याच कारणाने टिकलेली. मुंबईच्या हातगाडीवर मात्र बहुतेक एकच जात दिसते. गिऱ्हाईक तिला नुसतं ‘केळं’ म्हणतं, हे मला पटत नाही.

पुन्हा सुकेळ्याकडे येऊ. झाडावरून उतरलेला घड मेलेला नसतो. तो श्वास घेत असतो, आणि पिकताना तर जोरात घेतो. त्या धामधुमीत पिठाची साखर होते. मग ऊन पाणी काढून नेतं आणि उरलेल्या दाट गोडीत जंतूंना प्यायला पाणीच मिळत नाही, म्हणून सुकेळं महिनोन्‌महिने टिकतं. घडाचा तो श्वास चालतो पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे मुळात दुसऱ्या पेशीच्या पोटात राहायला आलेले जिवाणू, असं लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली मांडलं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली. आज ते शाळेत शिकवतात. भाडेकरू इतके जुने की केळ आणि माणूस यांची वाट वेगळी होण्याआधीच ते घरात शिरलेले. त्यामुळे केळ्यात साखर जाळणारे आणि ते केळं खाणाऱ्यात साखर जाळणारे, दोघे एकाच कुळातले. आपल्याला ते आईकडून मिळतात. रानटी अक्युमिनाटा केळीत मात्र बापाकडून जातात. प्रत्येक घराची रीत.

हे भाडेकरू साखर जाळून एटीपी बनवतात, आणि शरीराचं सगळं काम त्यावर चालतं. साठवायची सोय फारशी नाही. बनवायचा आणि लगेच खर्चायचा. दिवसभरात माणूस साधारण स्वतःच्या वजनाइतका एटीपी बनवतो आणि मोडतो. सकाळच्या विरार-चर्चगेट लोकलमध्ये शिरायला त्यातला किती लागतो, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात दिलेलं नाही, पण आगाशीकराने दोन सुकेळी खाऊनच निघावं.