वाळवीस अनावृत पत्र

प्रति,
राणी वाळवी, मु. पो. वारूळ.
विषय : दाराची चौकट खाल्ल्याबाबत.

वाळवी लाकूड खाते हे सिद्ध करणारी फाइल कपाटात सापडत नाही. तीही तिनेच खाल्ली असावी. त्यामुळे चौकशी नव्याने करावी लागली आणि प्रकरण अर्जदाराच्याच अंगाशी आले.

घोळ ओळखीपासूनच आहे. पांढरी मुंगी म्हणतात, पण ती मुंगी नव्हे, घराणे झुरळाचे. ज्ञात जाती सुमारे ३,०००, त्यांतल्या घरात घुसणाऱ्या थोड्याच. बाकीच्या जाती उष्ण प्रदेशांत पडलेले लाकूड, पाचोळा, शेण यांची विल्हेवाट लावत असतात, तीही विनावेतन. १९७३ साली फिटकाऊ आणि क्लिंगे यांनी मानाउसजवळच्या ॲमेझॉन जंगलाचा हिशेब मांडला, तेव्हा तिथल्या एकूण प्राण्यांच्या वजनात सुमारे एक तृतीयांश वाटा मुंग्या आणि वाळवी यांचा भरला. जॅग्वारचे फोटो मात्र जास्त निघतात.

आपल्याकडच्या वारुळात बुरशीची शेती चालते. कामकरी वाळवी लाकूड-पाला चावून गिळते आणि अर्धवट पचलेल्या विष्ठेची सच्छिद्र, सुरकुतलेली पोळी रचते. तिच्यावर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढते. खसखशीएवढे पांढरे दाणे दिसतात. न पचणारे लाकूड बुरशी मऊ करते, मग वाळवी तीच पोळी खाते. पावसाळ्यात या बुरशीच्या छत्र्या वारुळावर उगवतात. कोकणात अळंबी, गोव्यात अळमी. चौकटीवरून शिव्या देणारेच त्या छत्र्या पानात बांधून चढ्या भावाने घरी नेतात.

बोर्नियोतील मालियाऊ खोऱ्यात २०१५-१६च्या दुष्काळात संशोधकांनी जंगलाच्या काही तुकड्यांतली वाळवी मुद्दाम हटवली होती. जिथे ती राखली, तिथे तिची संख्या दुपटीहून जास्त झाली, जमिनीतली ओल ३६ टक्के जास्त राहिली आणि रोपे जगण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी अधिक निघाले. बुर्किना फासोच्या याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने तर आमंत्रणच धाडले : कडक पडीक जमिनीत खड्डे घेऊन शेणखत टाकले. खतामागून वाळवी आली, तिने जमीन पोखरली, पाणी मुरले, ज्वारी-बाजरी उभी राहिली.

सबब, चौकटीपुरता दावा कायम आहे. रानातल्या पडलेल्या लाकडाच्या ताब्यास हरकत नाही. ते तिथेच पडू द्यावे, अशी वन साफ करणाऱ्यांना विनंती.