भिंतीवरचा रंधा

विरारजवळच्या तुळिंजच्या वन रूम किचनमध्ये आलेल्या पाहुण्याला पाय पसरायला जागा नसते, पण पन्नास वर्षांचा गंजका रंधा तिथे ऐसपैस मावतो. शौकीन मंडळी शुक्रवारी पहाटे मुंबईच्या चोर बाजारात पोचतात, घासाघीस करून रंधा, गिरमिट, वाकस पदरात पाडून घेतात आणि विरार लोकलमध्ये ते धूड बाळासारखं कवटाळून परततात. मग आठवडाभर रॉकेल, तारेचा ब्रश, मुठीला जवसाचं तेल. रंधा अमेरिकेच्या स्टॅनली कंपनीचा निघाला तर विचारूच नका. लिओनार्ड बेलीची रंध्यांची पेटंटं कंपनीने १८६९ साली घेतली, हे यांना मुखोद्गत. पावसाने फुगलेल्या न्हाणीघराच्या दारावर मात्र हात चालत नाही.

त्यासाठी गाळ्यातला सुतार येतो. त्याने आपला जुना रंधा केव्हाच भंगारवाल्याला वजनावर दिलाय. खंडेनवमीला तो हार घालतो तो ड्रिल मशीनला. भिंतीवर टांगलेला रंधा पाहून तो एवढंच विचारतो, "साहेब, धार कुठाय?"

खरं सांगायचं तर धार लावलेल्या रंध्याचं सुख खोटं नाही. ना धूळ, ना कानठळ्या; कागदासारखी पातळ ढलपी वळून बाहेर येते. पण त्यासाठी आधी पातं दगडावर घासावं लागतं आणि त्याचा फोटो चांगला येत नाही.

तेव्हा रंधा जरूर घ्या. मात्र सुताराच्या मजुरीत घासाघीस करू नका. घासाघिशीची हौस चोर बाजारात फिटलेली असते.