राक्षस कसा मारू नये

आधी राक्षस हवा. जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये तो शोधायला लांब जावं लागत नाही. किल्ल्याच्या तळघरात 1751 सालचं एक अवाढव्य लाकडी पिंप आहे, दोन लाख लिटरच्या वर वाइन मावेल एवढं. आमच्या घरच्या चौदा वर्षांच्या गेमकाराने आपला राक्षस त्यातच बसवला. तुम्हीही बसवा.

त्याला प्राण द्या: 1. तलवारीच्या एका वाराला 0.1 प्राण जाईल असं लिहा आणि दहा वार करा. पडद्यावर शून्य दिसेल, लाल पट्टी रिकामी होईल, राक्षस मात्र उभाच. आता बाबांना हाक मारा. बाबा येतील, चष्मा पुसतील आणि 'रीस्टार्ट करून बघ' म्हणतील. ही पायरी गाळता येत नाही.

मग पडद्यावरचा गोल केलेला आकडा सोडा आणि आतला खरा आकडा छापून बघा. दशांशचिन्हापुढे पंधरा शून्यं, मग 13877 वगैरे. तेवढ्या जिवावर राक्षस दात विचकतोय. (गोल आकड्यावर विसंबून फक्त मुलंच फसत नाहीत. 1992 च्या एप्रिलमध्ये श्लेस्विग-होल्स्टाइन या जर्मन राज्याच्या निवडणुकीत ग्रीन पक्षाची 4.97 टक्के मतं संगणकाने 5.0 छापली. विधानसभेत शिरायला पाच टक्के लागतात. चूक सापडली आणि जागांचं गणित पुन्हा मांडावं लागलं.)

दोष यंत्राचा नाही. आपल्याला एक तृतीयांश दशांशात संपवता येत नाही, 0.333 लिहीत बसावं लागतं. संगणक दोनाच्या हिशेबात जगतो, म्हणून त्याला एक दशांश संपवता येत नाही. तो जवळचा आकडा धरतो आणि दर वाराला कणभर फरक साठत जातो.

गंमत म्हणजे आजोबांची पावकी-निमकी त्याला तोंडपाठ आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच: सगळं चोख. आणासुद्धा, कारण तो रुपयाचा सोळावा हिस्सा. पै मात्र नाही. रुपयाच्या 192 पै, आणि त्या 192 मध्ये तीन दडून बसलेत. आपण 1 एप्रिल 1957 ला नव्या पैशांवर आलो, संगणक अजून आण्यांतच आहे. एका वाराला एक आणा प्राण घ्या, सोळाव्या वाराला राक्षस बरोब्बर शून्यावर येऊन कोसळेल.

एवढ्यावर समाधान होत नसेल तर चिलखत चढवा. शंभराच्या वारातला 0.29 हिस्साच आत पोचतो असं ठरवा आणि अपूर्णांक छाटून टाका. 29 ची वाट बघाल, 28 मिळतील. कारण गुणाकार 28.999999999999996 आला होता.

आणखी धाडस असेल तर कुंभकर्ण करा. 32 बिटांच्या फ्लोटमध्ये, म्हणजे संगणकाच्या अपूर्णांकी आकड्यात, त्याला दोन कोटी प्राण द्या आणि एकेका प्राणाचे वार करत राहा. दिवसभर करा. आकडा हलणार नाही, कारण एवढ्या उंचीवर त्या फ्लोटला दोनाहून बारीक पायरीच नसते. रावणाच्या सेवकांच्या चिमट्यांनी कुंभकर्ण जागा झाला नाही, त्यात सेवकांचा काय दोष?

तक्रार करायचीच तर गावात सोय आहे. ट्युरिंग पारितोषिक मिळालेली मंडळी दरवर्षी हायडेलबर्गला तरुण संशोधकांना भेटायला जमतात. फ्लोटचं 1985 चं मानक ज्यांच्या कामावर उभं आहे, त्या विल्यम कहान यांनाही 1989 ला तेच पारितोषिक मिळालं. तुमचा राक्षस उभा राहिला तो या मानकाप्रमाणे अगदी नियमात.

जर्मन सेटिंगबद्दल एकच सूचना. इथे दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब. 1.500 म्हणजे दीड नव्हे, दीड हजार. आमची तलवार एक दिवस अशीच हजारपट झाली होती आणि तो दिवस घरात सर्वांत सुखाचा गेला.

उपाय शेवटी मुलानेच काढला: अपूर्णांक बंद, प्राण 1000, वार 100. दहाव्या वाराला राक्षस पालथा. आठवड्याने त्याने विषाचा बाण आणला, तीन सेकंदांत संपवणारा, दर सेकंदाला हजाराचा तिसरा हिस्सा. पूर्णांकात 333. तीन सेकंद झाले, राक्षसाचा एक प्राण शिल्लक.

मी चष्मा पुसला आणि म्हणालो, रीस्टार्ट करून बघ.